डीलोस बेट (ग्रीस): आईला घेऊन जावं का? आणि डोक्यातून न जाणारा एक प्रश्न

शेवंती
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन ग्रीसला जातेय. चार दिवस अथेन्स, मग तीन दिवस मिकोनोस. मिकोनोसहून होडीने अर्ध्या तासावर डीलोस नावाचं छोटं बेट आहे. जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटर, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसते अवशेष. १९९० पासून जागतिक वारसा यादीत आहे. रात्रीच्या मुक्कामाला परवानगी नाही. राहतात ते फक्त रखवालदार आणि उत्खननवाले.

आई ६८ वर्षांची आहे आणि गुडघे कुरकुरतात. पण चौतीस वर्षं प्रसूतिगृहात सिस्टर होती. तिला मी या बेटावर ग्रीक देव अपोलो जन्मला ती गोष्ट सांगितली तेव्हापासून तिने धोसरा लावलाय की बाकी काही नाही दाखवलंस तरी चालेल, ते बेट बघायचंच. तर तिला झेपेल का, किती वेळ लागतो, काय बघावं आणि काय सोडावं, हे गेलेल्यांनी सांगा.

आणि दुसरा प्रश्न माझा स्वतःचा. ज्या बेटावर देव जन्मला, त्याच बेटावर पुढे माणसांनी जन्मायचं नाही आणि मरायचंही नाही असा नियम झाला. इ.स.पू. ४२६ च्या हिवाळ्यात अथेन्सच्या लोकांनी बेटावरच्या कबरी उकरून समोरच्या रेनिया बेटावर हलवल्या. तिथून पुढे दिवस भरत आलेली बाई असो की शेवटच्या घटका मोजणारा म्हातारा, त्यांना होडीत घालून रेनियाला न्यायचं. हे वाचल्यापासून मनातून जात नाही. याला पावित्र्य म्हणायचं, की आणखी काही?

हर्णै_बंदर
जा. नक्की जा. आम्ही मे महिन्यात गेलो होतो.

सावली हा प्रकार बेटावर नाही, तेव्हा टोपी, भरपूर पाणी आणि जाड तळाचे बूट. सकाळची पहिली होडी धरा, म्हणजे तासाभराने येणाऱ्या मोठ्या गर्दीच्या आधी दगडी सिंहांपाशी पोचाल. जुलै-ऑगस्टात उत्तरेकडून मेल्तेमी वारा सुटतो तेव्हा होड्या सरळ रद्द होतात. सप्टेंबरात जोर कमी होतो, तरी मिकोनोसचा पहिलाच दिवस डीलोससाठी ठेवा. हुकला तर हाताशी दोन राहतील.

गुडघ्यांचं म्हणाल तर धक्क्यापासून अपोलोच्या देवळांचा भाग, सिंहांची रांग, तलावाची जागा, हे सगळं जवळपास सपाटीला आहे. नाट्यगृहाकडची गल्ली चढाची आणि तिचे दगड ओबडधोबड आहेत. किंथोसचा डोंगर ११२ मीटर, पायऱ्या आहेत, पण आईंना वर नेऊ नका. तीन तास हाताशी ठेवा, चार मिळाले तर उत्तम.

गोट्या०७
वाचनखूण साठवली. फोटो टाका हो आल्यावर.

मीठभाकर
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मला यात नवल वाटत नाही. सोयर आणि सुतक आपल्याला कळतं ना? घरात मूल जन्मलं तरी दहा दिवस देवघरात जात नाही आणि कोणी गेलं तरी जात नाही. जन्म आणि मरण ही दोन दारं उघडी असताना देवापासून लांब राहायचं, ही भावना ग्रीकांतही होती. कोणत्याही देवळाच्या आवारात त्यांना या दोन गोष्टी चालत नसत. डीलोसला फरक इतकाच की सगळं बेटच देवाचं आवार मानलं.

शिवाय ४२६ ला एकदम आभाळातून पडलेलं हे काही नाही. त्याच्या शंभरेक वर्षं आधी अथेन्सच्या पिसिस्ट्राटोस या हुकूमशहाने देवळावरून जेवढं दिसतं तेवढ्या टापूतल्या कबरी हलवल्याच होत्या. पुढच्यांनी ते काम पुरं केलं.

जुनाट_कागद
मीठभाकर, सोयर-सुतकाची तुलना आवडली, पण एक गोष्ट निसटते. आपण सुतकात दहा दिवस देवळाबाहेर राहतो. गाव सोडत नाही. आणि आपला नियम आपणच पाळतो, शेजारच्या शहराने येऊन तो आपल्यावर लादलेला नसतो.

क्रम बघा. पर्शियनांशी लढायला ग्रीक शहरांनी इ.स.पू. ४७८ मध्ये संघ केला. त्याचा खजिना डीलोसला, अपोलोच्या साक्षीने ठेवला. ४५४ मध्ये तो खजिना अथेन्सला गेला आणि संघाचं साम्राज्य झालं. ४२६ मध्ये कबरी हलवल्या. आणि ४२२ मध्ये तर डीलोसच्या लोकांनाच बेटावरून हाकललं, कारण काय तर तेही पुरेसे शुद्ध नाहीत! बिचारे आशिया मायनरच्या किनाऱ्यावर अ‍ॅड्रामिटियनला जाऊन राहिले. वर्षभराने डेल्फीच्या देवळातल्या देववाणीमुळे त्यांना परत घेतलं, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. पुढे त्या अ‍ॅड्रामिटियनमध्येच एका पर्शियन अधिकाऱ्याने डीलोसच्या माणसांना दगा देऊन मारलं, त्या काळच्या इतिहासकार थुसिडिडीसने लिहून ठेवलंय.

प्लुटार्क या ग्रीक लेखकाने एक प्रसंग दिलाय. डीलोसची माणसं एका स्पार्टन पुढाऱ्याला आपला नियम सांगत होती की इथे कोणी जन्मत नाही, कोणाला पुरत नाहीत. तो म्हणाला, मग ही तुमची मायभूमी कशी, जिथे तुमच्यातला एकही जन्मला नाही आणि मेल्यावर राहणारही नाही? माझ्या मते शेवंती यांच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका वाक्यात आहे. ज्याची जन्मभूमी नाही आणि ज्याच्या वाडवडिलांची थडगी नाहीत, तो जमिनीवर हक्क कसा सांगणार?

मीठभाकर
पटतं, पण अर्धंच. ४२६ च्या आधी अथेन्समध्ये काय चाललं होतं ते तुम्ही गाळलंत. ४३० पासून शहरात साथ होती. माणसं रस्त्यात मरत होती, शहराचा पुढारी पेरिक्लीससुद्धा ४२९ मध्ये त्यातच गेला. आणि ग्रीकांच्या समजुतीने साथ पाठवणारा आणि आवरणारा देव कोण? अपोलोच. घरटी माणूस गेलेल्या शहराने घाबरून देवाचं बेट धुऊन काढलं, यात मला आधी भीती दिसते. राजकारण असेल, पण भीती खोटी नव्हती.

जुनाट_कागद
साथीचा मुद्दा मान्य. तो मी आधीच लिहायला हवा होता. ४२२ च्या हकालपट्टीचा खुलासा मात्र साथीने होत नाही.

पिंपळपान
तुम्ही दोघं भांडा, मी काकूंसाठी मूळ गोष्ट नीट सांगते, कारण होमरच्या नावावर असलेल्या स्तोत्रात ती फार सुंदर आहे.

अपोलोची आई लेटो. तिला देवांचा राजा झ्यूस याच्यापासून दिवस गेलेले. झ्यूसची बायको हेरा हिच्या भीतीने कोणीच तिला थारा देईना. क्रीटपासून निघून ती बेटामागून बेटं फिरली. शेवटी डीलोसपाशी आली आणि म्हणाली, तुझ्याकडे ना गुरं ना द्राक्षं, तुझ्या दारी दुसरं कोण येणार आहे? माझ्या मुलाला जागा दे, जगभरातून माणसं तुझ्याकडे नैवेद्य घेऊन येतील आणि परक्यांच्या हातून तुझ्या लोकांचं पोट भरेल. बेटाला आनंद झाला, पण भीतीही वाटली. ते म्हणालं, तुझा मुलगा मोठा गर्विष्ठ होणार म्हणतात. माझी खडकाळ जमीन बघून त्याने मला लाथेने समुद्रात बुडवलं तर? मग माझ्यावर ऑक्टोपस आणि सील घरं करतील. त्याचं पहिलं देऊळ इथेच बांधेन अशी शपथ घे. लेटोने पाताळातल्या स्टिक्स नदीची शपथ घेतली, तेव्हा कुठे बेट कबूल झालं.

मग नऊ दिवस नऊ रात्री कळा. बाकीच्या देवी जवळ होत्या, पण बाळंतपणाची देवी एलिथिया हिला हेराने ऑलिंपसवर अडकवून ठेवलं होतं, तिला पत्ताच नाही. शेवटी देवांची दूत आयरिस हिला पाठवलं, सोन्याचा सर देऊ केला, नऊ हात लांब! एलिथियाने बेटावर पाऊल ठेवलं आणि लेटोने खजुराच्या झाडाला मिठी मारून गवतावर गुडघे टेकले. बाळ उजेडात आलं.

डीलोस या शब्दाचा अर्थच 'दिसणारं'. नंतरच्या कवींनी तर सांगितलं की आधी ते लाटांवर तरंगत फिरायचं, अपोलोच्या जन्मानंतर एका जागी रुजलं.

शेवंती
पिंपळपान, हे मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती आधी गप्प बसली आणि मग म्हणाली, "नऊ दिवस अडलेली बाई आणि दाईला वर अडकवून ठेवलेली. हेराला काही शिक्षा झाली की नाही?" नऊ हात सोन्याच्या सरावर मात्र खूष आहे. म्हणाली, आम्हाला पेढ्याचा पुडा मिळायचा, तोही मुलगा झाला तर मोठा.

आणि गुडघे टेकून, झाडाला धरून बाळंत होणं तिला फार बरोबर वाटलं. "आडवं झोपवायचं आपण शिकवलं, त्या आधी बायका अशाच व्हायच्या."

गणिताची_वही
डीलोसचं नाव निघालं आणि गणित निघालं नाही असं कसं चालेल? साथ आली तेव्हा डीलोसच्या लोकांना देववाणी झाली की अपोलोची घनाकृती वेदी दुप्पट करा. कारागिरांनी बाजू दुप्पट केली. वेदी झाली आठपट आणि साथ काही हटेना! घनफळ दुप्पट हवं तर बाजू दोनाच्या घनमुळाइतक्या पटीने वाढवायला हवी, आणि ती लांबी नुसत्या कंपास आणि पट्टीने काढता येत नाही. नववीच्या वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं पट्ट्या घेऊन लगेच कामाला लागतात. अशक्य असल्याची सिद्धता १८३७ मध्ये फ्रेंच गणिती व्हांत्सेलने दिली. म्हणजे डीलोसचा प्रश्न दोन हजारांवर वर्षं उघडा राहिला.

एकटा_पांथस्थ
अवांतरात माझंही एक. सॉक्रेटिसला शिक्षा सुनावल्यावर तो महिनाभर तुरुंगात जिवंत राहिला, तो डीलोसमुळे. दरवर्षी अथेन्सहून अपोलोसाठी पवित्र जहाज डीलोसला जायचं. ते परत येईपर्यंत शहराने शुद्ध राहायचं, म्हणजे कोणाचा देहदंड अंमलात आणायचा नाही. खटल्याच्या आदल्याच दिवशी जहाजाला हार घातले होते. वारा उलटा लागला की वेळ लागायचा. इ.स.पू. ३९९ च्या त्या खेपेला वाऱ्याने जेवढे दिवस खाल्ले, तेवढे दिवस सॉक्रेटिस मित्रांशी बोलत बसला. मला हे आठवलं की एजियन समुद्रातल्या वाऱ्याबद्दल फार माया वाटते.

कावेबाज_कासव
छान चाललंय. पण एवढ्याशा ओसाड खडकावर पंचवीस-तीस हजार वस्ती होती असं वाचलंय. ती काय नैवेद्यावर जगत होती?

दर्यासारंग
कासवराव, बंदरावर. मी जहाजावर नोकरी केली आहे म्हणून हा भाग मला जवळचा.

रोमनांनी इ.स.पू. १६६ च्या सुमारास डीलोस अथेन्सच्या ताब्यात दिलं आणि तिथलं बंदर करमुक्त केलं. व्यापारात बळावलेल्या रोड्स बेटाची जिरवायची होती. इतिहासकार पॉलिबियस आकडा देतो, रोड्सचं बंदराचं उत्पन्न दहा लाख द्राख्मांवरून दीड लाखावर आलं. १४६ मध्ये कॉरिंथ उद्ध्वस्त झाल्यावर तिथलेही व्यापारी इकडे वळले. सीरिया, इजिप्त, इटली, फिनिशिया, सगळीकडची गलबतं. जुन्या डीलोसवाल्यांना मात्र या भरभराटीत जागा नव्हती, त्यांना पुन्हा एकदा बेट सोडायला लावलं आणि ते ग्रीसच्या मुख्य भूमीवर अखाईयाला गेले. म्हणजे जुनाट_कागद म्हणतात ते दोनदा घडलं.

आता जे सांगतो ते सांगताना बरं वाटत नाही. या बंदराचा मोठा माल म्हणजे माणूस. भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की डीलोसमध्ये एका दिवसात दहा हजार गुलाम उतरवून घेऊन विकून रवाना करायची ताकद होती. तिथे म्हणच पडली होती: व्यापाऱ्या, धक्क्याला लाग, माल उतरव, सगळं विकलं गेलंच समज. अपोलोच्या देवळापासून धक्का हाकेच्या अंतरावर. जिथे माणूस जन्मलेला आणि मेलेला चालत नव्हता, तिथे विकलेला चालत होता. ज्यांना बेटाच्या पावित्र्याबद्दल बोलायचं आहे त्यांनी हेही त्याच दमात बोलावं अशी माझी मनापासून विनंती आहे.

मीठभाकर
सारंगसाहेब, हे वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. माझ्याकडे यावर उत्तर नाही.

रानजाई
याच काळाची दुसरी बाजू सांगते, कारण मी दोनदा गेले ती त्यासाठीच. एवढ्या देशांची माणसं आली ती आपापले देव घेऊन. किंथोसच्या उतारावर इजिप्तच्या इसिस देवीच्या देवळाचा दर्शनी भाग आजही उभा आहे, आत इसिसचा बिनडोक्याचा पुतळा. शेजारी सीरियाच्या अतारगातिस आणि हदाद यांचं ठाणं. बैरुतच्या व्यापाऱ्यांनी समुद्रदेव पोसायडनच्या नावाने स्वतःची संस्था बांधली होती. पूर्व किनाऱ्यावर समुद्राला लागून ज्यूंचं सिनेगॉग, जगात सापडलेल्या सर्वांत जुन्यांपैकी. शोमरोनी, म्हणजे गेरिझीम पर्वताला पवित्र मानणाऱ्या इस्राएली पंथाच्या लोकांचे दोन शिलालेखही मिळालेत, त्यात ते स्वतःला गेरिझीम पर्वताला देणगी पाठवणारे डीलोसचे इस्राएली म्हणवतात.

पण माझी लाडकी गोष्ट इजिप्तहून आलेल्या सेरापिस देवाची. त्याच्या पहिल्या देवळात एका खांबावर ती कोरलेली सापडली, साधारण इ.स.पू. २०० ची. पुजारी अपोलोनियोस सांगतो: माझे आजोबा इजिप्तहून, मेम्फिसच्या पुजारी घराण्यातले, देवाला बरोबर घेऊन इथे आले. ते ९७ वर्षं जगले. मग वडिलांनी सेवा केली. देव तोवर भाड्याच्या खोलीत. मग माझ्या स्वप्नात देव आला आणि म्हणाला, भाड्याच्या जागेत पुरे झालं, मला स्वतःचं घर हवं, जागा मी दाखवतो. ती जागा म्हणजे उकिरडा होता, आणि ती विकायची असल्याची पाटी बाजाराच्या बोळात लावलेली होती. विकत घेतली, सहा महिन्यांत देऊळ उभं राहिलं. तेवढ्यात काही लोकांनी दावा ठोकला. देव पुन्हा स्वप्नात आला, घाबरू नको, जिंकशील. आणि जिंकला!

परक्या गावात भाड्याच्या खोलीत देव मांडून बसलेलं कुटुंब. आम्ही जर्मनीत पहिली चार वर्षं गणपती एका मित्राच्या तळघरात बसवला. तो खांबाचा मजकूर वाचताना मला त्या तळघरातल्या उदबत्तीचा वास आला, खरंच सांगते.

गोट्या०७
भाड्याची खोली, मग पाटी बघून प्लॉट, मग कोर्टकचेरी. देवाला पुण्यात घर घेतल्यासारखं वाटलं असेल! रानजाई, प्रतिसाद फार आवडला.

आडवाट
रानजाईंनी पोसायडनचं नाव काढलं म्हणून. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली, ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. कार्ल्याच्या चैत्यातले कितीतरी खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेत आणि नाशिकच्या पांडवलेण्यातलं १७ वं लेणं इंद्राग्निदत्त या यवनाचं. डीलोस उजाड झाल्यानंतरच्या काळातलं आहे हे, आणि यवन म्हणजे नेमका ग्रीकच असंही नाही. पण दूरदेशीच्या व्यापाऱ्याने दुसऱ्याच्या देवाला खांब द्यावा आणि त्यावर आपल्या गावाचं नाव कोरावं, ही रीत दोन्ही समुद्रांवर एकच होती. कार्ल्याला जाल तेव्हा खांबांवरची अक्षरं बोटाने चाचपून बघा असं म्हणणार होतो, पण हात लावू नका, नुसती बघा.

हर्णै_बंदर
काकूंसाठी अजून थोडं. नाट्यगृहाच्या गल्लीतली घरं जमली तर बघाच. बेटावर पाणी नाही, म्हणून प्रत्येक घराच्या अंगणाखाली टाकं, आणि टाक्याच्या छतावर दगडी तुकड्यांची नक्षीची फरशी. नाट्यगृहाच्या खाली तर एवढं मोठं टाकं आहे की त्याच्या दगडी कमानींखाली हिरवट पाणी अजून साठतं. त्यात बेडूक ओरडत होते. साऱ्या बेटावर तेवढाच आवाज.

दुसरं, डॉल्फिनच्या घराचा उंबरठा. आत शिरतानाच जमिनीवर तानित या फिनिशियन देवीचं चिन्ह आहे: त्रिकोण, त्यावर आडवी रेघ, त्यावर गोल. घरात काही वाईट येऊ नये म्हणून. बायको खाली वाकून बघत बसली आणि म्हणाली, ही तर दारातली रांगोळी. आत चौकात चार कोपऱ्यांना डॉल्फिनच्या जोड्या आणि त्यांच्यावर लगाम धरून बसलेली पोरं.

क्लिओपात्राचं घर म्हणून जे दाखवतात ते इजिप्तच्या राणीचं नाही. ही अथेन्सची एक बाई. नवऱ्याने, डिओस्कुरिडीसने, अपोलोच्या देवळाला चांदीच्या दोन तिवया वाहिल्या, त्याच्या आठवणीत हिने इ.स.पू. १३८ च्या सुमारास त्याचा पुतळा उभा केला. दोघं शेजारी शेजारी आहेत. डोकी गेलीत, तिच्या अंगावरच्या पातळ शेल्याखालून जाड लुगड्याच्या निऱ्या मात्र दिसतात, संगमरवरात!

कावेबाज_कासव
मग हे सगळं संपलं कसं?

जुनाट_कागद
दोन घावांत. इ.स.पू. ८८ मध्ये रोमशी लढणाऱ्या पोंटसच्या राजाच्या, मिथ्रिडेटीसच्या, सैन्याने बेट लुटलं, कारण डीलोस रोमच्या बाजूने राहिलं. अ‍ॅपियन २०,००० मेल्याचा आकडा देतो, त्यातले बहुतेक इटलीचे. जरा सावरत होतं तोच ६९ मध्ये चाच्यांनी पुन्हा जाळलं. रोमन सेनानी ट्रायरियसने घाईघाईने तटबंदी बांधली, पण व्यापाराने दुसरी बंदरं धरली होती. पुढे थोडीफार ख्रिस्ती वस्ती होती, चर्चचे अवशेष आहेत. मग शेकडो वर्षं आजूबाजूच्या बेटांनी डीलोसला दगडाची खाण केलं. संगमरवर भट्टीत घालून चुना केला. नाक्सोसच्या लोकांनी इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरीस वाहिलेले सिंह, त्यातला एक व्हेनिसच्या आरमारी गोदीच्या दाराशी जाऊन बसलाय, दुसरंच डोकं लावून. उरलेले वाऱ्याने आणि खाऱ्या हवेने इतके झिजले की खरे संग्रहालयात ठेवून बाहेर प्रतिकृती मांडल्यात.

नाक्सोसवाल्यांचाच नऊ मीटरच्या आसपासचा अपोलो होता. अथेन्सचा सेनापती निकियास याने त्याच्या शेजारी ब्राँझचं खजुराचं झाड वाहिलं, ते वाऱ्याने पडलं आणि पुतळ्याला घेऊन पडलं, असं प्लुटार्क सांगतो. आज त्याचं धड आणि कंबर बेटावर उघड्यावर, हात तिथल्या संग्रहालयात आणि पावलाचा तुकडा लंडनला. तीन ठिकाणी वाटलेला देव.

१८७३ पासून अथेन्समधली फ्रेंच संस्था खणते आहे. जे दिसतं ते बरंचसं त्यांच्यामुळे. त्यांनीच १९२५ च्या सुमारास हिवतापाच्या डासांमुळे पवित्र तलाव कोरडा केला. लेटोच्या आठवणीसाठी मध्ये खजूर लावलाय.

पिंपळपान
एक राहिलं. सगळ्या कबरी हलवल्या हे पूर्ण खरं नाही. देवळांच्या आवारातच हायपरबोरियन मुलींच्या दोन जोड्यांच्या कबरी ठेवल्या गेल्या. उत्तर वाऱ्याच्याही पलीकडच्या देशातून या मुली आल्या, त्यातली एक जोडी एलिथियासाठी भेटी घेऊन आली आणि परत गेलीच नाही, असं इतिहासकार हेरोडोटस सांगतो. लग्नाआधी डीलोसच्या मुली केसांची बट कापून चातीला गुंडाळून त्या कबरीवर ठेवायच्या. वर ऑलिव्हचं झाड उगवलं होतं.

म्हणजे बेटाच्या स्वतःच्या आज्या-पणज्या बाहेर, आणि परदेशातून येऊन मेलेल्या चार मुली आत. शिवाय बाळंतपणाच्या देवीचं ठाणं बेटावर होतंच, फक्त बाळंतपण नव्हतं.

शेवंती
धागा वर काढतेय. परवा परत आलो. आधी कामाचं सांगते.

पहिल्या दिवशी वाऱ्याने होड्या बंद. हर्णै_बंदर, तुमचा सल्ला ऐकला म्हणून वाचलो, दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. आईला सपाटीचा भाग झेपला. नाट्यगृहाच्या गल्लीत अर्ध्यावर ती एका जोत्यावर बसली आणि मला म्हणाली, तू जाऊन ये, मी या पालींशी बोलते. पाली कसल्या, चांगले वीतभर लांब करडे सरडे, प्रत्येक दगडावर एक. टाकं बघितलं. बेडूक आहेत.

मिकोनोस गावातलं संग्रहालय चुकवू नका. रेनियावर १८९८ मध्ये तो खड्डा सापडला, ज्यात डीलोसच्या कबरींतून काढलेलं सगळं एकत्र पुरलं होतं. त्या वस्तू तिथे आहेत. घागरी, तेलाच्या बुटल्या. शतकानुशतकांची वेगवेगळी घरं, एका खड्ड्यात.

तलावाच्या जागी आता गवताळ खळगा आहे, कडेने बुटकी भिंत. मधल्या खजुरापाशी आई बराच वेळ उभी राहिली. झाडाला हात लावता येत नाही, लांबूनच बघायचं. तिने पर्समधून रुमाल काढला, डोळे पुसले आणि मला म्हणाली, धूळ फार आहे इथे. मी काही बोलले नाही.

परतीच्या होडीला वेळ होता. धक्का पश्चिमेला आहे आणि समोरच रेनिया, मध्ये पाण्याचा अरुंद पट्टा. वारा पुन्हा वाढला होता, लाटांचा फेस धक्क्यावर येत होता. आईने विचारलं, तेच का ते? म्हटलं हो. मग तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "वल्ह्याने किती वेळ लागत असेल?" मी म्हटलं, वाऱ्यावर आहे. "कळा सुरू झाल्यावर बाईला या पाण्यात होडीत बसवायची," ती म्हणाली. "पहिलटकरणीचं ठीक आहे, तिला वेळ लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची तर मधेच मोकळी होणार. त्या मुलांना कुठली म्हणत असतील?"

मीठभाकर
शेवंती, काकूंना माझा नमस्कार सांगा. इतके दिवस मी आणि जुनाट_कागद अथेन्सबद्दल भांडत होतो, त्या होडीत कोण बसलंय हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही.

जुनाट_कागद
खरं आहे. माझाही नमस्कार.

नवी_वाट
उशिरा आले. आम्ही डिसेंबरात ग्रीसला जातोय, तेव्हा डीलोस होईल का?

हर्णै_बंदर
डिसेंबरात नाही. हिवाळ्यात जवळपास बंदच असतं. एप्रिलनंतर जा. तेव्हा दगडांच्या मधून लाल खसखशीची फुलं असतात आणि टाक्यात पाणीही जास्त.